साचा कोणाचा, हात कोणाचे?



व्याख्यानाचा विषय कळवा असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी ‘छोट्या मोटारींचा इतिहास’ असे कळवले. लगेच त्यांचा फोन आला. युनियनच्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. खेळण्यांवर बोलायला दुसरे वक्ते मिळतील, असे त्यांच्या मनात असावे. त्यांचे चुकले नाही. मी आजही कामगाराविषयीच बोलणार आहे. फक्त वाट जरा निराळी घेतली आहे, आणि ती का घेतली ते आधी सांगतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी एक तरुण फिटर रोज संध्याकाळी येऊन बसे. त्याचा कारखाना बंद पडला होता, देणी अडकली होती, आणि तारखांवर तारखा पडत होत्या. एके दिवशी तो एक खोका घेऊन आला. कुणी नातलगाने त्याच्या मुलाला भेट दिलेला, पण मुलाच्या आवाक्याबाहेरचा. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग होते. ते सुटे करून, घासून, जोडून, रंगवून एक स्पोर्ट्स मोटार तयार करायची होती, खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याची. तीन महिने तो त्या कामाला बसला. इंजिनाच्या ठिणगीच्या तारा खोक्यात नव्हत्या. त्या त्याने जुन्या टेलिफोनच्या वायरीतून सोलून काढल्या. बसायच्या जागेचे पट्टे एका जुन्या फितीतून कापले. मोटार पुरी झाली तेव्हा कचेरीतले सगळे ती बघायला जमले. मी म्हणालो, “अरे, ही तर कारागिरी झाली!” तो हसून म्हणाला, “दादा, आपल्या करारात माझी ग्रेड अर्धकुशल आहे.”

त्या करारावर युनियनच्या वतीने माझी सही होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. शाळा माझी दहावीपर्यंत झाली. पुढचे जे काही आले ते सार्वजनिक वाचनालयातून आले. तेव्हा सवयीप्रमाणे मी वाचायला लागलो. या छोट्या मोटारी आल्या कुठून, त्या प्रथम कुणी केल्या आणि का केल्या, याचा माग काढीत गेलो तो थेट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पोहोचलो. तिथे जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी फिशर नावाचे एक घराणे होते. बाप लोहार आणि घोडागाड्या बांधणारा. त्याचे सात मुलगे. त्यांपैकी फ्रेड आणि चार्ल्स या दोघांनी १९०८ मध्ये डेट्रॉइट शहरात मोटारीच्या बॉड्या बांधणारी कंपनी काढली. पुढे बाकीचे भाऊही त्यात आले. त्या काळची मोटारीची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. म्हणजे सुताराचे, पत्रेवाल्याचे, रंगाऱ्याचे आणि गाद्या शिवणाऱ्याचे काम. घोडागाडी बांधणाराच मोटार बांधू लागला, एवढाच काय तो फरक. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने या कंपनीचा साठ टक्के हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये उरलेलाही घेतला. कंपनीच्या बिल्ल्यावर एक राजेशाही घोड्यांची बग्गी असे. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या आणि विवाहाच्या बग्ग्यांवरून ते चित्र बेतलेले होते. सांगणे असे, की आमची मोटार कारखान्यात झाली तरी तिच्यात बग्गी बांधणाऱ्याचा हात आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, या कंपनीने ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची एक संस्था काढली. गिल्ड म्हणजे आपल्याकडची श्रेणी. हा शब्द आपल्याला परका नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्यात गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे, आणि व्याजाचे दरही दिलेले आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांच्या संघटनेची पत एवढी होती की राजाचा जावई तिच्याकडे पैसे ठेवी! तेव्हा श्रेणी म्हणजे कारागिरांनी कारागिरांसाठी केलेली संघटना. पण डेट्रॉइटची ही श्रेणी मालकाने काढलेली होती, आणि कामगारांसाठी नव्हे तर शाळकरी मुलांसाठी. बारा ते एकोणीस वर्षे वयाच्या, आणि फक्त मुलग्यांसाठी. मुलींना तिथे प्रवेश नव्हता.

मुलांनी करायचे काय? तर बिल्ल्यावरच्या त्या बग्गीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची. नकाशे कंपनी देणार. बाकी सगळे मुलाने आपल्या हाताने करायचे. लाकूड कोरायचे, धातूचे भाग ओतायचे, चाके करायची, नक्षी काढायची, आतल्या गाद्या शिवायच्या. महिनोन्महिने हे काम चाले. पहिल्या स्पर्धेत सर्वांत वरची बक्षिसे चार होती, आणि प्रत्येक बक्षीस म्हणजे विद्यापीठात शिकण्यासाठी पाच हजार डॉलर. मंदीच्या त्या दिवसांत, बापाची नोकरी गेलेल्या घरात, या रकमेचा अर्थ काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. जिंकलेल्या मुलांना डेट्रॉइटला नेत, कारखाना दाखवीत, मेजवानी देत, आणि मोठमोठे अधिकारी त्यांच्या हातांचे कौतुक करीत.

आता, मित्रहो, त्याच वर्षांत कारखान्याच्या आत काय चालले होते ते पाहू.

१९३५ च्या मोटारींसाठी जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणले. अवाढव्य प्रेसखाली पोलादाचा पत्रा ठेवायचा, वरून डाय येणार, आणि एका दाबात मोटारीचे छप्पर तयार. लाकडी सांगाड्याचे दिवस त्याबरोबर सरत आले. जे सुतारकाम मुलांकडून स्पर्धेत मागितले जात होते, तेच कारखान्यात अनावश्यक होत चालले होते. कारागिरीचा दिवाणखान्यात सत्कार होत होता आणि मागच्या दाराने तिला निरोप दिला जात होता. यंत्र आले म्हणून मी रडत नाही. पोलादी छप्पर लाकडी छपरापेक्षा मजबूत होते, हे उघड आहे. पण यंत्राबरोबर जे आले ते पाहा. पट्ट्याची गती वाढवली गेली. माणसाने मागे पडायचे नाही, पाणी प्यायला थांबायचे नाही. युनियनचे नाव काढणाऱ्याला घरी पाठवायचे. अमेरिकेच्या सिनेटने ला फॉलेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. १९३४ च्या आरंभापासून १९३६ च्या मध्यापर्यंत जनरल मोटर्सने कामगारांवर हेर ठेवण्यासाठी सुमारे दहा लाख डॉलर खर्च केले, असे त्या समितीपुढे आले. पहिल्या स्पर्धेतल्या त्या चार मोठ्या शिष्यवृत्त्यांची बेरीज वीस हजार डॉलर होते. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो. भाष्य करीत नाही.

मिशिगनमध्येच फ्लिंट नावाचे गाव आहे. तिथे फिशर बॉडीचे दोन कारखाने होते. ३० डिसेंबर १९३६ च्या संध्याकाळी पहिल्या नंबरच्या कारखान्यात बातमी पसरली, की कंपनी इथले डाय रेल्वेच्या डब्यांत भरून दुसरीकडे हलवते आहे, जिथे युनियन कमजोर आहे तिथे. डाय म्हणजे साचा. ज्याच्या ताब्यात साचा त्याच्या ताब्यात कारखाना, हे कामगाराने ओळखले होते. जनरल मोटर्सच्या बॉड्यांचे महत्त्वाचे डाय दोनच ठिकाणी होते, फ्लिंट आणि क्लीव्हलंड. कामगारांनी यंत्रे थांबवली, पण ते बाहेर पडले नाहीत. आतच बसले. बाहेर पडले असते तर संपफोडे आत आले असते. गाद्या शिवणाऱ्या बायकांना घरी पाठवण्यात आले, आणि पुरुष मोटारीच्या गाद्यांवर झोपू लागले. याला आपण बैठा संप म्हणतो.

हा संप ४४ दिवस चालला. ११ जानेवारी १९३७ ला दुसऱ्या नंबरच्या कारखान्यात ऐन थंडीत उष्णता बंद करण्यात आली, जेवण आत नेण्यास अडवण्यात आले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पुढे गोळ्या झाडल्या. आतल्या माणसांनी आग विझवायच्या नळांनी पाणी मारले आणि मोटारीच्या दारांच्या लोखंडी बिजागऱ्या फेकल्या. डझनाहून अधिक संपकरी गोळ्यांनी जखमी झाले. सुदैवाने कुणी मेले नाही. त्यानंतर गावातल्या बायकांनी स्वतःचे पथक उभारले. डोक्यावर लाल टोप्या घालून त्या पोलिस आणि कारखाना यांच्या मध्ये उभ्या राहत. ज्या कंपनीच्या श्रेणीत मुलींना जागा नव्हती, त्या कंपनीला या बायकांची दखल घ्यावी लागली. राज्याचे गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैन्य बोलावले, पण ते संपकऱ्यांवर घातले नाही. ११ फेब्रुवारीला तडजोड झाली. करारपत्र अगदी छोटे होते, पण त्यात कंपनीने युनियनला मान्यता दिली. वर्षभरात त्या युनियनचे सभासद सुमारे तीस हजारांवरून पाच लाखांच्या घरात गेले.

या संपाच्या गडबडीतही मुलांची स्पर्धा बंद पडली नाही. उलट तिचे रूप बदलले. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात बग्गीच्या जोडीला मोटारीची स्पर्धा आली, आणि महायुद्धानंतर मोटारच उरली. नकाशा द्यायचे बंद झाले. मुलाने स्वतःच्या कल्पनेतली मोटार रेखाटायची आणि ती खऱ्या मोटारीच्या बाराव्या हिश्श्याची घडवायची. यातल्या पुष्कळ स्पोर्ट्स मोटारी असत. आधी कागदावर चित्र, मग चिकणमातीचा नमुना, मग त्यावरून प्लॅस्टरचा साचा, किंवा थेट लाकडाचा ठोकळा कोरून बॉडी. मग कानस आणि पॉलिश पेपर. खड्डे दिसले की आपले रंगारी जिला लांबी म्हणतात तसला लगदा भरायचा, पुन्हा घासायचे, अस्तर द्यायचे, पुन्हा घासायचे. बंपर आणि दिव्यांच्या कड्या ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या तुकड्यांतून काढून चकाकवायच्या. परीक्षक कल्पना किती नवी हे पाहत आणि हात किती साफ हेही पाहत.

या श्रेणीतून मोठी माणसे निघाली, हे मान्य केले पाहिजे. चक जॉर्डन नावाच्या तरुणाने १९४७ मध्ये इथे राष्ट्रीय पातळीवरचे बक्षीस मिळवले. १९४९ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये लागला आणि १९८६ ते १९९२ या काळात कंपनीच्या सगळ्या मोटारींच्या आकृतिबंधाचा प्रमुख होता. मालकाने आपल्या स्वार्थासाठी केले म्हणून मुलांचे भले झाले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. युनियनच्या व्यासपीठावरून आम्ही पुष्कळदा असा खोटेपणा करतो. इथे तो नको.

आता स्पोर्ट्स मोटारीकडे येऊ. जनरल मोटर्सने १९५३ मध्ये ‘कॉर्व्हेट’ नावाची दोन माणसांची उघडी मोटार आणली. तिची बॉडी पोलादाची नव्हती, काचतंतूंच्या प्लास्टिकची होती, कारण पोलादी बॉडीचे डाय करण्यात वेळ आणि पैसा फार जातो. पहिल्या वर्षी फक्त ३०० मोटारी झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून तांबड्या. त्या कुठे झाल्या? त्याच फ्लिंट गावात, तात्पुरत्या मांडलेल्या ओळीवर, बऱ्याच अंशी हाताने जोडून. अमेरिकेची सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्स मोटार जन्मली ती सोळा वर्षांपूर्वी संप झालेल्या गावात, आणि हातांच्या भरवशावर. जिथे साचा नव्हता तिथे पुन्हा कारागिराची आठवण झाली.

खोक्यातल्या मोटारीचा उगमही तिथून फार लांब नाही. मिशिगनमध्येच १९४८ मध्ये ‘एएमटी’ ही कंपनी निघाली. नावातले पहिले अक्षर ॲल्युमिनियमचे, पण लवकरच ती प्लास्टिककडे वळली. नव्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती ती विक्रेत्यांसाठी करी, आणि विक्रेते त्या गिऱ्हाइकांना देत. १९५८ मध्ये तिने या मोटारी सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढल्या. प्रमाण पंचविसाव्या हिश्श्याचे. कॉर्व्हेट खरी सव्वाचार मीटर लांब. खोक्यातली सतरा सेंटिमीटर. एकाच खोक्यातून मोटार तीन तऱ्हांनी करता येई: कारखान्यातून निघते तशी, आपल्या मर्जीने बदललेली, किंवा शर्यतीची.

इथे साचा पुन्हा मालकाकडे गेला, हे आपल्या ध्यानात आले असेल. पोलादाचा महागडा साचा कारखान्यात, त्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरायचे, थंड झाले की चौकट बाहेर. मुलाकडे उरली ती जोडणी. गिल्डच्या मुलाने आकार स्वतः शोधला होता; खोक्याच्या मुलाला तो आयता मिळाला. १९६८ मध्ये जनरल मोटर्सने गिल्ड बंद केले. तोवर घरोघर अशा मोटारींचे खोके पोहोचले होते.

मग खोक्यातली मोटार म्हणजे कारागिरीचा शेवट म्हणायचा का? आधी मला तसेच वाटले. पण त्या फिटरच्या शेजारी बसून मी जे पाहिले त्याने माझे मत बदलले. खोक्यातले भाग जसेच्या तसे चिकटवले तर अर्ध्या दिवसात मोटार होते, आणि ती खेळण्यासारखीच दिसते. साच्याच्या दोन अर्धुकांमधली बारीक रेघ प्रत्येक भागावर उमटलेली असते. ती घासून काढावी लागते. गोंद असा की तो प्लास्टिकच वितळवतो. एक थेंब जास्त झाला तर काच कायमची धुरकट होते. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर पंचविसाव्या हिश्श्यात तो खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरचा होतो. दारांच्या फटी बुजतात, मोटार चिखलात बुडवून काढल्यासारखी दिसते. म्हणून रंग पातळ करून पाच-सहा वेळा द्यायचा आणि मध्ये मध्ये पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचा. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. पंधरा वर्षे पट्ट्यावर उभे राहून, बोटांना जे कळले होते ते होते.

साचा मालकाचा असला तरी साच्यातून जे निघते ते पुरे नसते. राहिलेले हात पुरे करतो. कारखान्यातही हेच असते, पण तिथे ते कुणी बघत नाही. पत्रा किंचित वाकडा आला की फिटर दार बसवताना बिजागरीला नेमका ठोका देतो. हा ठोका कामाच्या कागदावर लिहिलेला नसतो, म्हणून त्याचा पगारही नसतो. हेच काम बैठकीच्या खोलीत टेबलावर केले की लोक ‘वा’ म्हणतात.

आपला या कहाणीशी संबंध दूरचा नाही. याच कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेच वर्ष. तिथेही मोटारी खोक्यांतूनच येत, सुट्या भागांत. आपल्या माणसांनी त्या जोडल्या. १९५४ मध्ये ते काम थांबले. पुढे २००८ मध्ये तळेगावला कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथले उत्पादन बंद झाले. फिशर बॉडी हे खातेही १९८४ च्या फेररचनेत संपले. मुलांनी केलेल्या बग्ग्या मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्या जपाव्यात, याबद्दल माझी तक्रार नाही. बिजागऱ्या फेकणाऱ्या हातांचे कौशल्य मात्र कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार?

मला या सगळ्यातून जे समजले ते थोडक्यात सांगतो. मालकाला कारागिरी ओळखता येत नाही, असे आम्ही म्हणत आलो. ते खरे नाही. गिल्डचे परीक्षक पोराच्या हातातली कारागिरी अचूक ओळखत होते. तिची किंमतही पाच हजार डॉलर ठरवीत होते. प्रश्न ओळखण्याचा नसून, कुणाच्या बाबतीत ओळखायचे याचा होता. आणि हा दोष एकट्या मालकाचा नाही. ‘कुशल’, ‘अर्धकुशल’, ‘अकुशल’ हे तीन रकाने मालकाने पुढे सरकवले, आणि आम्ही दोन-चार रुपये वाढवून घेऊन त्यांवर सह्या केल्या. माणूस काय करतो हे आम्ही त्याच्या शेजारी उभे राहून पाहिले नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्याच्या मागण्यांचा मसुदा करताना मी एक पद्धत बदलली. प्रत्येक जागेवरच्या माणसाला विचारले, की कागदावर नाही असे तू काय करतोस ते सांग. पहिल्या दिवशी कुणी काही सांगेना. आपण काही विशेष करतो, असे त्यांनाच वाटत नव्हते. चौथ्या दिवशी वही भरली. त्या वहीतल्या नोंदींवर बोलणी अजून चालू आहेत. यश येईल की नाही, ते आज सांगता येत नाही.

तो फिटर सध्या एका गॅरेजात कामाला आहे. त्याची ती तांबडी मोटार आमच्या कचेरीच्या कपाटावर आहे. करारावर सही करायला बसतो तेव्हा ती माझ्या समोर येते.